जोन स्टाइट्स आणि आरएनएचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेणवीय जीवशास्त्र मराठीतून शिकवताना जोन स्टाइट्स यांच्या कामाचा विषय निघाला की विद्यार्थी, शिक्षक आणि कधीकधी रुग्णांचे नातेवाईकही तेच ते प्रश्न विचारतात. त्यांपैकी बरेचसे प्रश्न इतके नेमके असतात की वर्गात दोन मिनिटांत दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही. म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जोन स्टाइट्स कोण आहेत आणि त्यांचे काम थोडक्यात कसे सांगता येईल?

जोन आर्गेट्सिंगर स्टाइट्स या अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रेणवीय जीवशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा जन्म २६ जानेवारी १९४१ रोजी मिनियापोलिस येथे झाला आणि १९७० पासून त्यांची प्रयोगशाळा येलमध्ये आहे. त्यांच्या कामाची यादी लांब आहे, परंतु ती एकाच प्रश्नाभोवती गुंफलेली दिसते: आरएनएचा एक रेणू दुसऱ्या आरएनएमधील नेमकी जागा कशी ओळखतो? उत्तर प्रत्येक वेळी अक्षरांच्या जोड्यांपाशी येऊन थांबले. आरएनएमध्ये ए, यू, जी आणि सी ही चार अक्षरे असतात; ए हे यूशी आणि जी हे सीशी जोडी जमवते. जीवाणूंमधील प्रथिननिर्मितीचा आरंभ, आपल्या पेशींतील संदेशांची कापजोड (प्रश्न ७) आणि विषाणूंचे छोटे आरएनए या तिन्ही ठिकाणी त्यांनी हीच जोडी शोधली.

२. नोबेल मिळालेले स्टाइट्स ते हेच का? आणि आडनावाचा उच्चार काय करायचा?

नाही. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांचे पती थॉमस स्टाइट्स यांना मिळाले. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोम या पेशीतील यंत्राची रचना उलगडल्याबद्दल ते वेंकटरमण रामकृष्णन आणि अदा योनाथ यांच्यासह विभागून दिले गेले. थॉमस यांचे निधन ऑक्टोबर २०१८ मध्ये झाले. दोघेही येलमध्येच प्राध्यापक असल्यामुळे संदर्भ शोधताना नावाची पूर्ण अक्षरे पाहावीत, नाहीतर एकाचे निबंध दुसऱ्याच्या नावावर जातात. उच्चार ‘स्टाइट्स’ असा आहे.

३. त्या डॉक्टर होणार होत्या असे वाचले. मग संशोधनाकडे कशा वळल्या?

अँटिऑक महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकत असताना तिथल्या पद्धतीप्रमाणे काही महिने अभ्यास आणि काही महिने नोकरी असा क्रम असे. या क्रमात त्यांनी एमआयटीमध्ये अलेक्झांडर रिच यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि न्यूक्लिक आम्लांची (डीएनए आणि आरएनए यांची) गोडी त्यांना तिथे लागली. तरीही त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला. याचे कारण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे: स्त्री डॉक्टर त्यांनी पाहिल्या होत्या, परंतु स्वतःची प्रयोगशाळा चालवणारी स्त्री वैज्ञानिक त्यांनी एकही पाहिली नव्हती. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्याशाखेत प्रवेश निश्चित झाल्यावर, १९६३ च्या उन्हाळ्यात, मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ गॉल यांच्याकडे त्यांना प्रथमच स्वतंत्र प्रकल्प हाताळायला मिळाला. त्या थोड्या आठवड्यांत त्यांचा निर्णय बदलला आणि त्यांनी हार्वर्डमध्येच जीवरसायनशास्त्र व रेणवीय जीवशास्त्र या विषयात संशोधन-पदवीसाठी प्रवेश घेतला.

४. जेम्स वॉटसन यांच्या त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या, हे खरे आहे का?

खरे आहे, संशोधन-पदवीसाठी डीएनएच्या रचनेचे सहशोधक वॉटसन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री विद्यार्थिनी होत्या. त्याआधी त्यांनी दुसऱ्या एका प्राध्यापकांना मार्गदर्शक होण्याची विनंती केली होती. लग्न होईल, मुले होतील, मग या पदवीचा उपयोग काय, अशा आशयाचे उत्तर देऊन त्यांनी नकार दिला. हा प्रसंग स्टाइट्स यांनी मुलाखतींतून सांगितला आहे. हाच प्रश्न आपल्याकडच्या मुलींना आजही विचारला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे. पुढील काळातील त्यांच्या भूमिकेसाठी प्रश्न १५ पाहावा.

५. केंब्रिजमध्ये त्यांनी नेमका कोणता शोध लावला?

१९६७ ते १९७० या काळात त्या इंग्लंडमधील केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत होत्या. सुरुवातीला त्यांना प्रयोगाच्या टेबलाऐवजी ग्रंथालयातील काम सुचवण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले आणि अवघड म्हणून इतरांनी हात न लावलेला एक प्रश्न निवडला.

प्रश्न असा होता. संदेशवाहक आरएनएवर प्रथिनाचा मजकूर लिहिलेला असतो आणि रायबोसोम तो वाचतो. वाचन बहुधा ‘एयूजी’ या तीन अक्षरांपासून सुरू होते. मात्र एयूजी ही अक्षरे संदेशात मध्येही अनेकदा येतात. मग आरंभाची एयूजी कोणती, हे रायबोसोमला कसे कळते? स्टाइट्स यांनी आर१७ या जीवाणुभक्षक विषाणूचा आरएनए घेतला. त्याची लांबी सुमारे ३,५०० अक्षरे आहे आणि त्यावर तीन प्रथिनांच्या वाचनाचे आरंभ होते. रायबोसोम आरंभस्थळी बसल्यावर त्यांनी आरएनए कापणारे विकर घातले. जो तुकडा रायबोसोमच्या पोटाखाली दडला होता तेवढाच शिल्लक राहिला, आणि फॉस्फरसच्या किरणोत्सारी अणूंनी खूण केलेल्या त्या तुकड्यांची अक्षरे त्यांनी फ्रेडरिक सँगर यांच्या आरएनए वाचण्याच्या पद्धतीने एकेक करून वाचली. ‘नेचर’मध्ये १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिन्ही आरंभस्थळांचे क्रम होते. आज यंत्र एका दिवसात कोट्यवधी तुकडे वाचते. तेव्हा तीसेक अक्षरांच्या एका तुकड्यासाठी महिने जात. रायबोसोमखाली दडलेले तुकडे वाचण्याची हीच कल्पना पुढे २००९ मध्ये संपूर्ण जीनोमच्या (पेशीतील सगळ्या जनुकीय मजकुराच्या) पातळीवर वापरली गेली आणि ‘रायबोसोम प्रोफायलिंग’ या नावाने रूढ झाली.

६. आरंभाच्या एयूजीजवळच्या खुणेला शाइन–डाल्गार्नो क्रम म्हणतात. मग स्टाइट्स यांचे श्रेय कोणते?

हे श्रेय दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग प्रामाणिकपणे वेगळे ठेवले पाहिजेत. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे जॉन शाइन आणि लिन डाल्गार्नो यांनी १९७४ मध्ये जीवाणूच्या १६ एस रायबोसोमल आरएनएच्या (रायबोसोमचाच भाग असलेल्या एका आरएनएच्या) शेपटाची अक्षरे वाचली. आरंभस्थळांचे तोवर ज्ञात असलेले क्रम शेजारी मांडल्यावर, आरंभाच्या एयूजीच्या थोडे अलीकडे असलेली ए-जी-बहुल अक्षरे या शेपटाशी जोडी जमवू शकतात, असे त्यांच्या लक्षात आले. ती कल्पना त्यांची, म्हणून नावही त्यांचे. परंतु कागदावर जोडी जमणे वेगळे आणि पेशीच्या यंत्रणेत ती प्रत्यक्ष जमणे वेगळे. स्टाइट्स आणि त्यांच्या सहकारी कॅरन जेक्स यांनी १९७५ मध्ये कोलिसिन ई३ हे जीवाणूंचे विष वापरले, जे १६ एस आरएनएचे शेवटचे सुमारे ५० अक्षरांचे टोक कापते. आरंभस्थळी रायबोसोम बसलेला असताना हे टोक कापले, तर ते संदेशाच्या तुकड्याशी जोडलेलेच बाहेर आले.

एक अपवाद लक्षात ठेवावा, कारण परीक्षेत यावर नेहमी चूक होते: ही पद्धत जीवाणूंची आहे. मानवी पेशीतील रायबोसोम बहुतेक वेळा संदेशाच्या सुरुवातीच्या ‘टोपी’पाशी (त्या टोकावरील खास रासायनिक खुणेपाशी) बसतो आणि तिथून पुढे सरकत एयूजी शोधतो.

७. इंट्रॉन आणि स्प्लायसिंग म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

आपल्या जनुकांतील मजकूर सलग नसतो. अर्थपूर्ण तुकड्यांना एक्झॉन आणि मधल्या भागांना इंट्रॉन म्हणतात. पेशी आधी सगळ्याची आरएनए प्रत काढते, मग इंट्रॉन कापून एक्झॉन जोडते. या कापजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. डिस्ट्रोफिन या स्नायूंच्या प्रथिनाचे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे, त्यात ७९ एक्झॉन आहेत आणि कापजोडीनंतर उरणारा संदेश सुमारे १४ हजार अक्षरांचा असतो. एका अक्षराची चूक झाली तरी पुढचा सारा मजकूर बिघडतो. जनुके अशी तुटक असतात हे १९७७ मध्ये अ‍ॅडेनोव्हायरसच्या अभ्यासातून उघड झाले आणि त्यासाठी फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल मिळाले. कापायचे कुठे हे कोण ठरवते, हा प्रश्न मात्र १९७७ मध्ये पूर्ण उघडा होता.

८. ल्यूपसच्या रुग्णांचे रक्त आणि आरएनएचे संशोधन यांचा संबंध कसा आला?

या कारकिर्दीतील मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच, म्हणून उत्तर थोडे लांबवत आहे.

ल्यूपस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९६६ मध्ये एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी अशा एका प्रतिपिंडाचे लक्ष्य पेशीच्या केंद्रकात असल्याचे दाखवले आणि एका रुग्णाच्या आडनावातील दोन अक्षरांवरून त्याला ‘एसएम’ म्हटले. ते लक्ष्य नेमके काय आहे, हे पुढे बारा-तेरा वर्षे कोणालाच सांगता आले नव्हते. दुसरीकडे, केंद्रकात छोट्या आरएनएंचा एक गट भरपूर प्रमाणात असतो, हे जीवरसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. यू१ या त्यांतील एकाच प्रकाराच्या मानवी पेशीत सुमारे १० लाख प्रती असतात. इतक्या प्रती आणि काम अज्ञात! या दोन कोड्यांची गाठ घालून देणारा मायकेल लर्नर हा स्टाइट्स यांच्याकडे वैद्यकीय व संशोधन अशा दोन्ही पदव्या एकत्र करणारा विद्यार्थी होता.

येलमधील संधिवाततज्ज्ञ जॉन हार्डिन यांच्याकडून रुग्णांच्या रक्ताचा द्रव मिळाला. उंदराच्या पेशींतील आरएनएला किरणोत्सारी फॉस्फरसने खूण करून त्या पेशींच्या अर्कात हा द्रव मिसळला, प्रतिपिंडांना चिकटलेले सारे खाली ओढून घेतले आणि त्यातील आरएनए लांबीनुसार वेगळे करण्यासाठी जेलवर चालवले. जेलवर थोड्याच, पण स्पष्ट रेघा उमटल्या. ‘एसएम’ प्रतिपिंडाने यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ हे पाचही ओढले. ‘आरएनपी’ नावाच्या दुसऱ्या प्रतिपिंडाने फक्त यू१. प्रतिपिंड मुळात प्रथिन ओळखत होते आणि आरएनए त्या प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे बरोबर येत होता. म्हणजे छोटा केंद्रकीय आरएनए आणि प्रथिने यांचा एक कण असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून प्रयोगशाळेत त्याला ‘स्नर्प’ म्हणू लागले. लर्नर आणि स्टाइट्स यांचा हा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगात महागडे यंत्र नव्हते. जे प्रतिपिंड बनवायला एरवी एखाद्या प्रयोगशाळेला वर्षे लागली असती, ते रुग्णांच्या शरीरात आधीच तयार होते. त्या रुग्णांचे ऋण हे संशोधन सांगताना कधीही वगळू नये, असे मला मनापासून वाटते. या प्रतिपिंडांमुळेच आजार होतो का, हा निराळा प्रश्न आहे. त्यासाठी प्रश्न १८ पाहावा.

९. यू१, यू२ आणि मग एकदम यू४. यू३ कुठे गेला?

यू३ आहे, पण तो या कामात नाही. ‘यू’ हे नाव युरिडीनचे (यू या अक्षराचे) प्रमाण अधिक असलेल्या छोट्या केंद्रकीय आरएनएंना दिले गेले, आणि ते देताना त्यांचे काम माहीत नव्हते. नंतर कळले की यू३ हा केंद्रकातील केंद्रिका या भागात राहतो आणि रायबोसोमल आरएनए घडवायला मदत करतो. एसएम प्रतिपिंड त्याला ओढत नाही. यू७ हा डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांच्या संदेशांची शेवटची टोके कापण्याचे काम करतो. क्रमांक शोधाचे आहेत, कामाचे नाहीत.

१०. स्नर्पमुळे स्प्लायसिंग होते हा १९८० मध्ये केवळ अंदाज होता ना? तो सिद्ध केव्हा झाला?

अंदाज होता, आणि निबंधाचे शीर्षकही प्रश्नार्थकच होते. लर्नर, जॉन बॉयल, स्टीफन माउंट, सँड्रा वोलिन आणि स्टाइट्स यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की यू१ च्या सुरुवातीच्या टोकाची अक्षरे इंट्रॉन सुरू होतो त्या सांध्याच्या अक्षरांशी जोडी जमवतात. त्याच वर्षी जॉन रॉजर्स आणि रँडॉल्फ वॉल यांनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली, हे मुद्दाम सांगायला हवे.

पुरावे टप्प्याटप्प्याने आले. १९८१ मध्ये प्रिन्स्टनमधील जेन फ्लिंट यांच्यासह केलेल्या प्रयोगात स्नर्पविरोधी प्रतिपिंडे वेगळ्या काढलेल्या केंद्रकांत घातल्यावर अ‍ॅडेनोव्हायरसच्या आरएनएची कापजोड थांबली. १९८३ मध्ये यू१ स्नर्प परीक्षानळीत नेमका त्याच सांध्यावर बसतो, हे माउंट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. सर्वांत पटणारा पुरावा १९८६ चा, आणि तो स्टाइट्स यांच्या प्रयोगशाळेतील नव्हे, तर येलमध्येच अ‍ॅलन वाइनर यांच्याकडे काम करणाऱ्या युआन झुआंग यांचा आहे. त्यांनी सांध्यातील एक अक्षर बदलून कापजोड बिघडवली आणि मग यू१ मध्ये त्याला जुळणारा बदल करून ती पुन्हा सुरू केली. कुलूप बदलले, किल्ली बदलली आणि दार उघडले. यानंतर शंकेला जागा उरली नाही.

११. हे सगळे आरएनएचे झाले. जीनोमिक्सशी याचा संबंध काय?

संबंध थेट आहे. मानवी जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असून त्यातील प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर जेमतेम दीड टक्का आहे. मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्ण झाला, परंतु अक्षरे वाचून झाल्यावर जनुक कुठे सुरू होते, कुठे तुटते आणि कुठे पुन्हा जुळते हे ठरवण्यासाठी सांध्यांचे नियम हातात असावे लागतात. त्या नियमांची पहिली मोठी नोंदवही स्टाइट्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. स्टीफन माउंट यांनी १९८२ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेले इंट्रॉनच्या सुरुवातीचे १३९ आणि शेवटचे १३० सांधे गोळा केले आणि प्रत्येक स्थानावर कोणते अक्षर किती वेळा येते याचे तक्ते मांडले. त्या तक्त्यांमागील कल्पना जनुक शोधणाऱ्या संगणकप्रणालींमध्ये उतरली. आज एखाद्या रुग्णाच्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ‘हा बदल सांध्यात असल्यामुळे घातक असण्याची शक्यता आहे’ असे वाक्य येते, तेव्हा त्यामागे याच विचाराची वाढलेली रूपे असतात.

दुसरा संबंध संख्येचा आहे. माणसाची प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २० हजार आहेत, म्हणजे एका साध्या सूत्रकृमीइतकीच. एकाच जनुकाचे एक्झॉन वेगवेगळ्या प्रकारे जोडून पेशी अनेक प्रथिने बनवते, आणि एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या बहुतेक सर्व मानवी जनुकांत असे घडते, हे २००८ मधील आरएनए-वाचनाच्या अभ्यासांतून दिसले. जनुकांची यादी हाती आल्यावर ‘एवढीच?’ असा प्रश्न ज्यांना पडला होता, त्यांच्यासाठी उत्तराचा मोठा भाग स्प्लायसिंगमध्ये आहे.

१२. आमच्या नात्यात थॅलेसेमिया आहे. त्याचा आणि यू१ चा काही संबंध असतो का?

अनेकदा असतो. भारतातील बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा बदल, आणि महाराष्ट्रातही तोच, बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाच्या जनुकातील पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात असतो. तिथे जीच्या जागी सी येते. अहवालात तो ‘आयव्हीएस १-५’ असा लिहिलेला आढळेल. यू१ ज्या अक्षरांशी जोडी जमवतो त्यांतलेच हे एक अक्षर आहे: मूळचे जी हे यू१ मधील सीशी जुळते, आणि त्या जागी सी आले की जोडी तुटते. परिणामी बरोबर जागची कापजोड खूप कमी होते, जवळपासच्या चुकीच्या जागी काप पडतात आणि ग्लोबिन पुरेसे बनत नाही. हा बदल प्रथिनाच्या मजकुरात नाही, एक्झॉनमध्येही नाही. तरी बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. ‘इंट्रॉनमध्ये बदल आहे, म्हणजे काळजी नको’ असे कोणी सांगितले, तर ते म्हणूनच मान्य करू नये.

व्यवहारातील मुद्दा असा, की आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल बाधित असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकत्व हिमोग्लोबिन ए२ मोजणाऱ्या रक्तचाचणीतून कळते. ती चाचणी लग्नापूर्वी किंवा गर्भधारणेच्या आरंभी करून घ्यावी आणि पुढचा सल्ला जनुकीय समुपदेशकाकडून घ्यावा.

१३. सगळे इंट्रॉन जीटीने सुरू होतात आणि एजीने संपतात, असे शिकवले जाते. हा नियम अपवादरहित आहे का?

नाही. (जनुकाच्या डीएनएमध्ये यूच्या जागी टी हे अक्षर असते, म्हणून येथे ‘जीटी’.) जवळजवळ सर्व इंट्रॉन या नियमाने चालतात, परंतु मानवी इंट्रॉनपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेला एक गट वेगळ्या यंत्रणेने कापला जातो. त्यातील काही एटीने सुरू होऊन एसीने संपतात. १९९६ मध्ये वोआन-यूह टार्न आणि स्टाइट्स यांनी दाखवले की त्यांच्यासाठी यू११ आणि यू१२, तसेच यू४ व यू६ यांची निराळी भावंडे काम करतात. यू५ तेवढा दोन्हीकडे समान आहे.

येथे एक बारकावा आहे. दुसऱ्या यंत्रणेने कापले जाणारे बहुतेक इंट्रॉनसुद्धा जीटी–एजी याच अक्षरांचे निघाले. त्यामुळे टोकाची दोन अक्षरे पाहून यंत्रणा ठरवता येत नाही. सांध्याची पुढची अक्षरे आणि इंट्रॉनमधील शाखास्थळ (कापजोडीत इंट्रॉनचे सुरुवातीचे टोक जिथे जोडले जाते ती जागा) पाहावे लागते. हा गट लहान असला तरी नगण्य नाही. या यंत्रणेतील यू४ च्या भावंडात बिघाड झाल्यास बाळाची वाढ गर्भातच गंभीरपणे खुंटते, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

१४. कापलेले इंट्रॉन टाकाऊच असतात ना?

बहुतेकांचे तुकडे होऊन अक्षरे पुन्हा वापरली जातात, पण सगळ्यांचे नाही. १९९६ मध्येच कझिमिएझ टायकोव्स्की, मेई-दी शू आणि स्टाइट्स यांनी सस्तन प्राण्यांतील एका जनुकाचे वर्णन केले, ज्याच्या इंट्रॉनमधून केंद्रिकेतील उपयुक्त छोटे आरएनए बनतात आणि जोडलेल्या एक्झॉनपासून मात्र कोणतेही प्रथिन बनत नाही. म्हणजे येथे उपयोगाचा भाग कापून काढलेला आणि टाकाऊ भाग जोडून ठेवलेला! जीनोममध्ये ‘कचरा’ शोधण्याची घाई करणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देते.

विषाणूंनाही अशा छोट्या आरएनएचा उपयोग कळलेला आहे. माकडांतील हर्पिसव्हायरस साइमिरी या विषाणूचा एक छोटा आरएनए यजमान पेशीतील एमआयआर-२७ या मायक्रोआरएनएशी (इतर संदेशांचे काम दाबणाऱ्या अगदी छोट्या आरएनएशी) जोडी जमवून त्याचा नाश घडवतो, हे स्टाइट्स यांच्या प्रयोगशाळेतून २०१० मध्ये पुढे आले. प्रश्न १ मध्ये सांगितलेली अक्षरांची जोडी इथेही तीच आहे.

१५. स्त्री वैज्ञानिकांसाठी त्यांनी प्रत्यक्ष काही केले, की केवळ उदाहरण म्हणून नाव घेतले जाते?

प्रत्यक्ष केले. विज्ञान व अभियांत्रिकीतील स्त्रियांच्या मार्गातील पूर्वग्रह आणि अडथळे तपासणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीत त्या सदस्य होत्या आणि त्या समितीचा अहवाल निवड, बढती आणि नियम यांविषयी नेमक्या शिफारशी करतो. लस्कर प्रतिष्ठानने २०१८ मध्ये त्यांना विशेष कामगिरीचा पुरस्कार दिला, तो संशोधनाबरोबरच तरुण वैज्ञानिकांना घडवल्याबद्दल आणि विज्ञानातील स्त्रियांची बाजू मांडल्याबद्दलही. वर आलेली जेक्स, वोलिन, टार्न, शू ही नावे पुन्हा वाचावीत. त्यांच्या प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडे होते, ते त्यातून कळते.

१६. त्यांना नोबेल का मिळाले नाही?

नोबेल समितीची कारणे बाहेरच्यांनी सांगण्यात अर्थ नाही. एका पारितोषिकात तीनपेक्षा अधिक व्यक्ती बसत नाहीत, आणि स्प्लायसिंगसाठीचे १९९३ चे पारितोषिक इंट्रॉनच्या शोधाला मिळाले, यंत्रणेच्या शोधाला नव्हे. माझे मत विचाराल तर स्नर्पचे काम त्या तोडीचे आहे. त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक १९८६ मध्ये, गेर्डनर पुरस्कार २००६ मध्ये आणि वुल्फ पारितोषिक २०२१ मध्ये मिळाले. वुल्फ पारितोषिकात लिन मॅक्वाट आणि एड्रियन क्रेनर त्यांचे सहमानकरी होते.

१७. या संशोधनातून एखादे औषध निघाले का? कोविडच्या लशीशी संबंध आहे का?

कोविडच्या आरएनए लशीमागील कळीचे काम कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचे आहे; ते स्टाइट्स यांच्या नावावर घालू नये.

औषधाचे उत्तर मात्र होय असे आहे, जरी ते स्टाइट्स यांनी स्वतः बनवलेले नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या बहुधा बाळांमध्ये दिसणाऱ्या, स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात एसएमएन१ जनुक नादुरुस्त असते. त्याच्यासारखेच एसएमएन२ हे जनुक सर्व रुग्णांत शिल्लक असते, परंतु एका अक्षराच्या फरकामुळे त्याचा सातवा एक्झॉन कापजोडीत बहुधा गळतो. वर उल्लेखिलेल्या क्रेनर यांच्या संशोधनातून आलेले नुसिनर्सेन हे औषध इंट्रॉनमधील एक जागा झाकते, त्यामुळे सातवा एक्झॉन पुन्हा जोडला जातो. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तोंडाने घ्यायचे रिस्डिप्लाम हे औषध २०२० मध्ये आले. ते सातव्या एक्झॉनच्या सांध्यावर यू१ ची पकड घट्ट करते. आणखी एक गोष्ट अशी, की एसएमएन प्रथिनाचे पेशीतील एक मुख्य काम म्हणजे एसएम प्रथिने छोट्या आरएनएभोवती नीट बसवणे, अर्थात स्नर्प बांधणे. ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्ताने जे कण दाखवले, तेच कण या बाळांच्या आजारात पुन्हा समोर येतात.

१८. ल्यूपसमध्ये स्नर्पविरोधी प्रतिपिंडे असतात, म्हणजे स्प्लायसिंग बिघडल्यामुळे आजार होतो, असे म्हणायचे का?

नाही; हा तर्क स्वाभाविक आहे, परंतु चुकीच्या जागी पोहोचतो. जिवंत पेशीच्या केंद्रकात ही प्रतिपिंडे सहसा शिरत नाहीत. प्रश्न १० मधील प्रयोगात कापजोड थांबली, कारण तिथे केंद्रके पेशीतून बाहेर काढलेली होती. ल्यूपसमधील हानी मुख्यतः मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले घटक आणि त्यांना चिकटलेली प्रतिपिंडे यांचे पुंजके मूत्रपिंडासारख्या अवयवांत साचून दाह निर्माण करतात, त्यामुळे होते. अशा पुंजक्यांतील आरएनए प्रतिकारयंत्रणेला आणखी चिथावतो.

निदानासाठी मात्र ही प्रतिपिंडे उपयोगाची आहेत. एसएम प्रतिपिंड ल्यूपसच्या सर्व रुग्णांत आढळत नाही, पण आढळले तर ते जवळजवळ ल्यूपसकडेच बोट दाखवते. म्हणून चाचणी नकारात्मक आली तरी ल्यूपस नाही असे ठरत नाही. अहवालातील ‘अँटी-एसएम’ ही ओळ संधिवाततज्ज्ञांनी लक्षणे आणि इतर चाचण्यांबरोबरच वाचायची असते.